दस्तगीर मिस्त्रींची सोळा बटणं

‘सोळाच्या सोळा काढायची?’

‘सोळाच्या सोळा.’

‘एकबी ठेवायचं न्हाई?’

‘चाचा, एकदा सांगितलं ना.’

दस्तगीर मिस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला आणि टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं. डीजे कंट्रोलर होता. दोन बाजूंना दोन थाळ्या, मध्ये फिरवायच्या कळा, आणि प्रत्येक थाळीखाली रबराचे आठ चौकोन. चौकोनावर बोट मारलं की कुठे ढोल वाजायचा, कुठे टाळी, कुठे नुसती आरोळी.

यंत्र ऊर्जिता आवटीचं होतं. वय तेवीस, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी. आसपासच्या चार तालुक्यांत डीजेच्या टेबलामागे उभी राहणारी ती एकटीच मुलगी. असं ती स्वतःच सांगायची. खरंही होतं.

मिस्त्रींचं दुकान जयसिंगपूरच्या एसटी स्टँडमागे. एके काळी जत्रांतल्या आणि उरुसांतल्या व्हिडिओ गेमच्या पेट्या त्यांच्याकडे दुरुस्तीला यायच्या. नाणं टाकायचं, दांडी फिरवायची, बटणं बडवायची, त्या पेट्या. पुढे पेट्या भंगारात गेल्या. बटणं मिस्त्रींनी ठेवून घेतली. पत्र्याच्या डब्यात, धुऊन-पुसून, साठ-सत्तर.

तिला तीच हवी होती.

‘रबर मऊ आहे,’ ती म्हणाली. ‘नेमकं कधी लागलं ते बोटाला कळत नाही. आवाज उशिरा येतो. लॅपटॉपवर मोजलंय मी. सात मिलिसेकंद.’

‘म्हंजे किती?’

‘पापणी लवायला जेवढा वेळ लागतो ना, त्याचा विसावा भाग.’

‘आणि तेवढ्यानं तू हरलीस?’

कोल्हापूरची गोष्ट इथपर्यंत कशी पोचली, हे तिने विचारलं नाही. मार्चमधल्या डीजे स्पर्धेच्या अंतिम फेरीत, दोन हजार माणसांसमोर, तिचा एक ठोका चुकला होता. एकच. खालून कुणीतरी ओरडलं, ‘पोरगी दिसायला ठेवलीय रे!’ आणि अख्खा मंडप हसला होता.

‘रविवारी इचलकरंजीच्या स्पर्धेत समोर पुन्हा तोच आहे, कोल्हापूरला जिंकलेला,’ ती म्हणाली. ‘या वेळी हरले तर बाबा यंत्र विकायला लावणार. बँकेच्या परीक्षेचा फॉर्मही भरून टाकलाय त्यांनी. मला न विचारता.’

मिस्त्रींनी बॅटरी पेटवली. रबरांवर आडवा उजेड टाकला आणि एक डोळा मिटून पाहत राहिले.

‘ह्ये एवढंच का झिजलंय?’

उजवीकडचं, वरच्या कोपऱ्यातलं.

‘ते ड्रॉपचं. सगळं वाजणं थांबवायचं. चार ठोके काहीच नाही. मग हे मारायचं, की सगळं एकदम कोसळतं. लोक त्याचीच वाट बघत असतात.’

‘आणि तू?’

‘मी काय?’

मिस्त्रींनी बॅटरी विझवली.

‘चाचा, कोडी घालू नका. कोडी घालणारी मोठी माणसं माझ्या घरीच चार आहेत. आज मंगळवार आहे. हा बघा, नकाशासुद्धा काढून आणलाय.’

मिस्त्रींनी नकाशा हातात घेतला. सोळा भोकं, प्रत्येकाचं माप मिलिमीटरमध्ये. त्यांनी तो नीट पाहिला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

‘झकास काढलायस.’

मग तो टेबलावर पसरला आणि त्यावर बटणांचा डबा ठेवला.

‘आधी सोळा निवड.’

तिने पिशवीतून वीज तपासायचा मीटर काढला. वीस मिनिटांत सगळी बटणं तपासली. खराब फक्त तीन निघाली. उरलेल्यांतली एकाच रंगाची सोळा ती वेगळी करू लागली.

‘झालं.’

‘न्हाई झालं.’

मिस्त्रींनी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

‘माझ्या पाठीमागं एकेक दाब.’

टक्.

‘हं.’

टक्.

‘हं.’

टक्.

‘न्हाई.’

‘मीटरवर बरोबर आहे हे!’

‘मीटर येणाराय का वाजवायला?’

तिने दात-ओठ खाल्ले. पुढचं घेतलं. दहा-बारा बटणं झाल्यावर मघाशी नाकारलेलंच एक गुपचूप पुन्हा दाबलं.

‘ह्ये येऊन गेलं मगाशी.’

ऊर्जिताने बटणाकडे पाहिलं. मिस्त्रींच्या पाठीकडे पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन, जराही आवाज न करता, त्या बटणाच्या खालचा स्विच सोडवला आणि दुसऱ्याच बटणाला लावला. वरचं टोपण वेगळं, स्प्रिंग वेगळी.

टक्.

मिस्त्रींनी मान तिरकी केली.

‘ह्यानं दुसऱ्याचा सदरा घातलाय.’

ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला.

‘वय किती तुमचं, चाचा?’

‘बहात्तर.’

‘आणि कानांचं?’

‘त्यांचं मोजलं न्हाई अजून.’

संध्याकाळपर्यंत सोळा बटणं ठरली. सात लाल, पाच पिवळी, दोन हिरवी आणि दोन अशी की त्यांचा मूळ रंग कुठला हे आता कुणीच सांगू शकलं नसतं. नकाशात सगळी काळी होती. ऊर्जिताने तो घडी करून पिशवीत टाकला. घरी गेल्यावर मात्र कितीतरी वेळ जेवणाच्या ताटावर बोट आपटून आवाज ऐकत बसली, आणि आईने विचारलं तेव्हा म्हणाली, ‘माझे कान तपासतेय.’

बुधवारी तिने यंत्र उघडलं. रबर उचललं, आणि खालच्या पट्टीवरच्या प्रत्येक टिंबाला केसासारखी बारीक तार जोडली. सोल्डरचे बत्तीस टाके. मिस्त्री शेजारी भिंग घेऊन बसले होते. दिवसभर त्यांनी तिला एक सूचना केली नाही. शेवटी भिंग खाली ठेवलं.

‘असला टाका माझ्या हातून कधी पडला न्हाई. कॉलेजात शिकवत्यात?’

‘कॉलेजात सोल्डरिंगची व्याख्या शिकवतात. हे मी घरी शिकले. दार लावून.’

‘दार का?’

‘घरचे म्हणायचे, वास येतो.’

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनाही कधीतरी कुणीतरी हेच म्हणालं असणार.

यंत्राच्या वरच्या पत्र्याला अजून हात लावला नव्हता. बटणं आधी प्लायवूडच्या तुकड्यावर बसवली, तारा तिथवर नेल्या, स्पीकर जोडला.

ती वाजवू लागली.

काय वाजवलं तिने! बोटं दिसेनाशी झाली. पंक्चरवाला ट्यूब हातात घेऊनच आला, चहावाला आला, गाडी चुकलेले दोघे स्टँडवरून आले. ड्रॉपला चहावाल्याने शिट्टी घातली.

‘आता बोला!’ ऊर्जिता म्हणाली. कपाळावर घाम होता, डोळे चमकत होते. ‘रबराचाच दोष होता की नाही?’

मिस्त्री वाकले. त्यांनी स्पीकरची पिन उपसली.

‘परत.’

‘अहो, आवाज येणार नाही.’

‘परत वाजव. ठोका मी धरतो.’

त्यांनी पान्हा घेतला आणि डब्यावर हळू, एकसारखा ठोका धरला. ऊर्जिता वाजवू लागली. आता ना ढोल होता, ना टाळी. नुसती टकटक. पुढे ती थांबली, चार ठोके गप्प राहिली आणि कोपऱ्यातलं बटण मारलं.

टक्.

मग पान्हा पडला. ठण्.

ती थबकली.

‘तुमचा ठोका लांबला, चाचा.’

‘आसंल. परत.’

टक्… ठण्.

‘लांबतोय तुमचा. वयामुळे होतं असं.’

‘व्हय की. मग मशीन लाव तुझं.’

तिने तोऱ्यात मोबाइल काढला आणि ठोका धरणारं मेट्रोनोमचं ॲप लावलं. हे ॲप पान्ह्यासारखं म्हातारं होत नाही, असंही ऐकवलं. पंक्चरवाला आणि चहावाला पुढे सरकले.

एक, दोन, तीन, चार. टक्.

मग मोबाइल वाजला.

तिने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. पाचव्या वेळी चहावाला हळूच निघून गेला. आठव्या वेळी दुकानात फक्त ती आणि मिस्त्री उरले.

प्रत्येक वेळी तिचं बोट आधी पडत होतं. विसावा भाग वगैरे नाही. चांगली अख्खी पापणी लवेल एवढं आधी.

‘म्हणजे कोल्हापूरला… म्हणजे दोष यंत्राचा नव्हताच.’

मिस्त्री चहात खारी बुडवत होते.

‘तुम्हाला काल बॅटरी मारली तेव्हाच कळलं होतं!’ ती भडकली. ‘मग दिवसभर बटणं निवडायला का लावली? मोठ्या माणसांचं हे असंच. तोंडाने सांगायचं नाही, वळसे घालायला लावायचे!’

‘मला कुठलं कळतंय?’ मिस्त्री म्हणाले. ‘मला एवढंच दिसलं की तिथं तू लई जोरात मारतीस. माणूस एवढ्या जोरात कधी मारतं?’

तिला उत्तर माहीत होतं. त्या चार रिकाम्या ठोक्यांत तिला दर वेळी तो मंडप ऐकू यायचा. हसणारा.

तिने पिशवी उचलली आणि घरी निघाली.

गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा प्लायवूड तसंच होतं. मिस्त्रींनी यंत्राचा वरचा पत्रा सोडवून टेबलावर ठेवला होता. बाजूला ड्रिल, बाजूला रबर.

‘तारा काढल्या की रबर परत बसतंय,’ ते म्हणाले. ‘यंत्र हाय तसं. उद्या विकायची पाळी आली तर गिऱ्हाईक मिळंल.’

‘आणि भोकं पाडली की?’

‘मग कोण घेत न्हाई.’

ऊर्जिता उभी राहिली. बाहेर कंडक्टर कुरुंदवाडची गाडी पुकारत होता. गाडी भरली, सुटली.

तिने ड्रिल उचललं.

‘का?’ मिस्त्रींनी विचारलं.

‘रबर माझी चूक झाकतं. हे झाकणार नाही.’

मिस्त्रींनी टेबल फडक्याने पुसलं. मग पत्र्याच्या दोन बाजू दोन्ही हातांनी धरल्या. जिथे पहिलं भोक पडायचं होतं, तिथून त्यांची बोटं जेमतेम एका बोटाच्या अंतरावर होती.

‘हात काढा, चाचा.’

‘तू भोक पाड.’

‘शिकंजा आहे ना तुमच्याकडे? त्यात धरू.’

‘पाड म्हणतोय न्हवं.’

‘सुटलं हातातून तर?’

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

ड्रिल सुरू झालं. ऊर्जिताने श्वास रोखून धरला, मग लक्षात आलं, रोखला की हात आखडतो. तिने श्वास सोडला. पातं टेकवलं. किती जोर द्यायचा, केव्हा थांबायचं, पत्रा कधी पार होतोय, हे तिला मनगटातून ऐकावं लागलं. एका भोकाला जितका वेळ लागायचा तितका लागला. दुसऱ्यालाही. दर भोकाला मिस्त्री बोटं पुढच्या खुणेजवळ सरकवायचे.

नववं भोक होईपर्यंत तिला आठवलंही नाही की रविवार जवळ आलाय.

सोळावं कोपऱ्यातलं, ड्रॉपचं. ते पडलं तेव्हा दुपार झाली होती. मिस्त्रींनी डोळे उघडले, बोटांवरचा पत्र्याचा कीस फुंकला आणि जेवायला गेले. ऊर्जिता खाली फरशीवर बसली.

रविवारी इचलकरंजीत, बाजार समितीच्या शेडमध्ये, दुपारी चारला फेरी सुरू झाली. आधी कोल्हापूरला जिंकलेला तो वाजवून गेला. चांगलाच वाजवला त्याने. मग ऊर्जिता आली. तिचं लाल-पिवळं यंत्र पाहून पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, ‘जत्रेतनं आणलंय वाटतं!’ बाबा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभे होते.

ती वाजवत गेली. शेड तापत गेलं. मग तिने सगळं थांबवलं.

एक.

दोन. शिट्ट्या सुरू झाल्या.

तीन. ‘बंद पडलं रे!’ कुणीतरी ओरडलं. दोघे-तिघे हसले.

ऊर्जिता उभी होती. बोट बटणावर नुसतं टेकलेलं.

चार.

मग तिने ते दाबलं. मारलं नाही, दाबलं. आणि शेडमधली सगळी माणसं एकाच वेळी उडाली.

खाली उतरली तेव्हा स्पीकरच्या भिंतीशेजारी मिस्त्री दिसले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही कानांत कापसाचे हे मोठे बोळे.

‘चाचा!’ ती धावत गेली. त्यांनी एका कानातला बोळा काढला. ‘कापूस घालून काय ऐकलंत?’

‘तुझे हात.’

ती हसली. मग वळून मंचाकडे पाहू लागली. तीन परीक्षक डोकी जवळ आणून कागदावर काहीतरी लिहीत होते. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

‘निघालो मी,’ मिस्त्री म्हणाले.

‘अहो थांबा ना! निकाल अजून लागायचाय.’

मिस्त्रींनी बोळा पुन्हा कानात घातला.

‘तुझा लागला की मगाशीच,’ ते म्हणाले. ‘आता लागतोय त्यो त्यांचा.’