रघुनाथच्या नावावर बापूंचा फोटो

त्या दिवशी पौषातलं धुकं असं उतरलं होतं की गल्लीत समोरून येणारा माणूस कोण, हे विचारल्याशिवाय कळत नव्हतं.

“कोण?” ओट्यावरून आवाज आला.

“मी... प्रफुल्ल. शेजारचा.”

“कशावरून?”

प्रफुल्ल फाटकाशीच थबकला. या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं?

“बापू, मीच की हो!”

“ये मग. माफी मागायला आलास ना?”

तसं घडलंच होतं म्हणा. आदल्या संध्याकाळी चौकात फलक लागला होता, ‘कै. रघुनाथ गुरव यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. नाव बरोबर, तारीख बरोबर, खाली शोकाकुल मंडळींची रांगही बरोबर. फोटो मात्र रंगनाथबापूंचा. आणि बापू तर हे असे, घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेले.

फलक छापणाऱ्या दुकानातला कॉम्प्युटर फार जुना, चालायला जड. त्यावरचा प्रोग्राम प्रफुल्लनं लिहिलेला. फाइल उघडायची खिडकी आली की एका बाजूला नावांची यादी, दुसऱ्या बाजूला एक चौकोन. ज्या नावावर यावं त्याचा फोटो त्या चौकोनात दिसायचा. फाइल उघडण्याआधीच आत कोण आहे ते कळावं, म्हणून. या चौकोनासाठी प्रफुल्ल दोन वर्षं खपला होता. त्याचा त्याला अभिमानही तेवढाच.

दुकानदारानं फोनवर बजावलं होतं, “उद्या दुपारपर्यंत चूक सापडली तर ठीक. नाहीतर माझ्या तिन्ही दुकानांतून तुझा प्रोग्राम काढून टाकतो.”

प्रफुल्लनं ओळन्‌ओळ दोनदा वाचली. चूक काही सापडेना.

“माफी मागतो, बापू. पण खरं सांगू? दुकानदारानं रघुनाथचंच नाव निवडलं होतं. माझा प्रोग्राम चुकलेला नाही.”

“बरं.”

“मशीन म्हातारं झालंय.”

“मीही झालोय.”

...

बापूंनी चौतीस वर्षं कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केलेली. दारात उभं राहून नावं पुकारायची, आलेल्याला आत सोडायचं. कॉम्प्युटर त्यांनी कधी जवळून पाहिलाही नव्हता.

“बस,” ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, पाणी आण.”

लगेच दुसरी हाक. “अगं, सुपारी आण.”

आणि तिसरी. “अगं, माझा चष्मा आण.”

आत अनसूयाकाकूंची पावलं वाजू लागली. गुडघे दुखरे, त्यामुळे एकेक पाऊल सावकाश. बऱ्याच वेळानं काकू आल्या, पाण्याचा तांब्या-पेला ठेवून आत गेल्या.

“मी शेवटी काय मागितलं?”

“चष्मा.”

“समोर काय आहे?”

“पाणी.”

बापूंनी पेला भरला, उचलून डोळ्यांसमोर धरला आणि पाण्यातून प्रफुल्लकडे पाहिलं.

“नीट दिसत नाहीस रे.”

प्रफुल्ल गोंधळला. हसावं की नाही, तेही कळेना.

“काकूंचं काय चुकलं? पाणी तुम्हीच मागितलं होतं.”

“मग माझं चुकलं?”

“तुमचं... नाही. चष्माही तुम्हीच मागितला.”

“मग चुकलं कोणाचं?”

...

आतून काकू म्हणाल्या, “एका वेळी एक मागा की! मी काय मशीन आहे?”

प्रफुल्ल ताठ झाला. काल दुकानात काय झालं असेल, ते त्याला दिसू लागलं. गिऱ्हाइकांची गर्दी. दुकानदार बाणाचं बटण दाबत भराभर खाली येतो. रंगनाथ... रघुनाथ. बापूंचा फोटो मोठा, पंचाहत्तरीच्या फलकासाठी काढलेला. मशीन तो आणायला निघालं, तोवर दुकानदाराचं बोट पुढच्या नावावर गेलेलं. रघुनाथचा फोटो लहान, तो आधी पोचला. मागून बापूंचा आला आणि त्यालाच झाकून बसला. तेवढ्यात दुकानदारानं ‘उघडा’ दाबलं. एकच फाइल दोनदा कशाला उघडायची, म्हणून चौकोनात असेल तेच पुढे द्यायचं, ही तर प्रफुल्लचीच हुशारी. दोघंही फेट्यातले, दोघंही मिशीवाले. दुकानदाराच्या काही ध्यानात आलं नाही.

“पण मग करू काय? मशीन जोरात पळवू?”

“काकूला पळवशील?”

“नाही हो.”

“मागणाऱ्याला गप्प बसवशील?”

“दुकानात रांग असते, बापू. कोण थांबतंय?”

बापू उठले. घोंगडी सावरत घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले, आणि भिंती हादराव्यात अशा आवाजात ओरडले, “प्रफुल्ल देशमाने, हाजिर हो!”

प्रफुल्ल दचकून उठला, उंबऱ्याशी आला. बापूंनी हात आडवा घातला.

“नाव?”

“आत्ता तुम्हीच तर...”

“नाव?”

“प्रफुल्ल देशमाने.”

बापूंनी मान वळवून रिकाम्या माजघराकडे पाहिलं. जणू तिथं न्यायाधीश बसले होते.

“साहेब पुढच्या नावावर गेले. परत जा.”

“मी तर आलोय! बोलावलंत म्हणून आलोय!”

“परत जा.”

प्रफुल्ल तिथंच उभा. डोक्यात बाहेरच्यासारखंच धुकं. बोलावलेला माणूस, वेळ काढून आलेला, आणि परत जा?

तेवढ्यात काकू सुपारीची डबी घेऊन आल्या.

“आता नको,” बापू म्हणाले.

“मग मागता कशाला!” काकू पुटपुटत माघारी वळल्या, डबीसकट.

प्रफुल्ल पाठमोऱ्या काकूंच्या हातातल्या डबीकडे बघत राहिला. मग खिशातून पेन काढून तळहातावरच एक ओळ लिहिली. येणाऱ्या फोटोला चौकोनाच्या दारात नाव विचारायचं. यादीत अजून त्याच नावावर बोट असेल तर आत. नसेल तर माघारी.

एकच ओळ. दोन वर्षांत सुचली नव्हती.

धावत निघाला, पण फाटकाशी पाय अडखळले. मागे वळला. ओट्यावर बापू धूसर दिसत होते. आहेत की नाहीत असे.

“बापू... तो फलक मी आत्ताच उतरवतो. तुमच्या फोटोला असा हार बघून... मला कसंतरीच होतंय.”

धुक्यातून बापूंचा आवाज आला, “होऊ दे रे. फोटो आधी पोचला. नाव अजून पुकारलेलं नाही.”