घागरीतून काढलेले नऊ खडे

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवाल? ‘आज दूध पातळ आहे, खिरीला नेऊ नका,’ असं सांगणाऱ्या गवळ्यावर, की बारा महिने ‘दाटच आहे’ म्हणणाऱ्यावर? लगेच उत्तर देऊ नका. गिऱ्हाईक असताना आपण सगळेच पहिल्याचं नाव घेतो आणि गल्ल्यामागे बसलो की दुसऱ्यासारखे वागतो. तेव्हा आधी गोष्ट ऐका.

एकदा एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक वृद्ध बाबा आणि त्यांचा शिष्य ससाणे मोजत बसले होते. दरवर्षी आश्विनात उत्तरेकडून ससाण्यांचे थवे येत, तापलेल्या हवेवर घिरट्या घालत उंच चढत आणि मग पंख ताणून समोरच्या सुळक्यापलीकडे, दक्षिणेला निघून जात. एका ससाण्याने सुळका ओलांडला की घागरीत एक खडा टाकायचा. कार्तिकी पौर्णिमेला घागर रिती करून खडे मोजायचे आणि आकडा दक्षिणेच्या माथ्यावर कळवायचा. काम एवढंच.

पण एवढ्याच कामाने शिष्याच्या नाकी नऊ आले होते. घिरट्या घालणारे शंभर ससाणे दिसले की त्याचा हात खड्यांकडे जाई आणि बाबा म्हणत, “थांब. अजून गेले कुठे?” मान आखडेपर्यंत थांबावं, तर त्यातले निम्मे खालच्या झाडीत उतरून बसत. त्याहून वाईट म्हणजे, वारा फिरला की गेलेले ससाणे सुळका ओलांडून परत येत आणि बाबा शांतपणे घागरीत हात घालून तेवढे खडे बाहेर काढत. एक दिवस तर सहा गेले आणि चौदा परतले. दिवसभर उन्हात बसून घागर आठ खड्यांनी हलकी झाली.

“बाबा, पेरलेलं बी कोणी उकरून काढतं का?” शिष्य वैतागून म्हणाला.

“पाखरांनी खाल्लं असेल, तर पेरलं होतं म्हणून पीक येतं का?” बाबा म्हणाले आणि पुन्हा आकाशाकडे पाहू लागले. अधिक काही सांगायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. तिचा शिष्याला परतलेल्या ससाण्यांपेक्षाही जास्त राग येई.

या वर्षी त्याच्या वैतागाला मोठं कारण होतं. माथ्यावर कसलाही आडोसा नव्हता आणि बाबांची छाती आता पहाटेचा वारा सोसत नव्हती. खोकल्याची उबळ आली की ते दगडाला धरून बसत. पायथ्याच्या पेठेतल्या एका शेठजींनी शब्द दिला होता, की ससाणे हजार भरले तर माथ्यावर दगडी खोपी बांधून देऊ. हजार हा आकडा त्यांना पसंत होता, दारावर कोरायला शोभतो. म्हणून शिष्य एकेका खड्यावर जीव टाकत होता.

पौर्णिमेला दिवस कलताना शेठजी स्वतः वर आले. मागे आठ गाढवांवर घडीव दगड लादून तुळाजी आला. हा दक्षिणेच्या खोऱ्यातला माणूस, अबोल. शिष्याने घागर रिती केली आणि सर्वांसमक्ष खडे मोजले. एक हजार चार.

“झालं तर,” शेठजी म्हणाले. “तुळाजी, उतरव दगड.”

चार गाढवं मोकळी होतात न होतात तोच वारा फिरला. सुळक्याआडून नऊ ससाणे माघारी आले आणि माथ्यावरून उत्तरेच्या झाडीत उतरले. बाबा उठले, खड्यांच्या राशीतून नऊ खडे वेचले आणि बाजूला ठेवले.

शिष्याने कपाळाला हात लावला. “बाबा, हे उद्या जाणारच आहेत. तुमच्या छातीसाठी तरी राहू द्या.”

“अहो, नऊशे पंच्याण्णव दारावर कसं कोरू मी?” शेठजीही वैतागले. “नऊ पाखरांनी काय आभाळ कोसळतं?”

बाबांनी खोकला ओसरू दिला. मग म्हणाले, “उद्याचं उद्या, मोजणी आज संपते. शेठ, दक्षिणेच्या माथ्यावरही एक म्हातारा अशीच घागर घेऊन बसतो. मधल्या, या तुळाजीच्या खोऱ्यातल्या लोकांनी ससाणे धरायची जाळी देवीपुढे जाळली, शपथ घेतली. ती पाळली का, हे आमच्या दोन घागरी सांगतात. इथून न गेलेले नऊ मी गेले म्हणून कळवले, तर तिकडे नऊ कमी भरतील. मग खोऱ्यात त्यांचा मारेकरी शोधतील. जो पक्षी तिथे गेलाच नाही, त्याचाही मारेकरी सापडतो.”

“सापडला होता,” गाढवाची दोरी सोडवता सोडवता तुळाजी म्हणाला. “तीन वर्षांमागं एकतीस कमी भरले. माझ्या भावाच्या घरी जाळं निघालं. मासे धरायचं होतं, पण ऐकतो कोण? त्याच्याशी बोलणं टाकलं सगळ्यांनी. गेला बायकोपोरं घेऊन बहिणीच्या गावाला.”

शिष्याचा चेहरा उतरला. तीन वर्षांमागे बाबा वीस दिवस तापाने पडून होते आणि मोजणी त्याने एकट्याने केली होती. त्या वीस दिवसांत त्याने एकही खडा बाहेर काढला नव्हता. परतलेले पक्षी पुन्हा गेले, तेव्हा त्याने पुन्हा खडे टाकले होते. घागर लवकर भरते म्हणून तो खूशही झाला होता.

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा सुळक्याकडे पाहत होते.

“तुळाजीदादा,” शिष्य म्हणाला, “त्या वर्षी मी मोजलं होतं. परतलेले मी वजा केले नाहीत. किती होते, तेही आता सांगता येणार नाही.”

तुळाजीने सोडवलेली दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. मग म्हणाला, “हे मला सांगून काय उपयोग? खाली येऊन चारचौघांत सांगा.”

“येतो. आजच येतो.”

शेठजींनी दगड परत लादायला सांगितले. तुळाजीने मान हलवली. “भरलं गाढव या उतारावर पाय मोडून घेईल, शेठ. उरलेल्यांचंही ओझं उतरवतो, रिकामीच नेणार.” शेठजी धुसफुसले, शेवटी म्हणाले, “पडू देत इथंच. पण छप्पर मी घालणार नाही.”

रिकाम्या गाढवांमागून शिष्य दक्षिणेची वाट उतरू लागला. वळणावर त्याने मागे पाहिलं. बाबा एक दगड वाऱ्याच्या बाजूला सरकवून दुसऱ्यावर बसवत होते. नऊ खडे राशीपासून दूर, तसेच होते.

तुमच्याकडेही कसली तरी घागर असेलच. तिच्यात खडे जरूर टाका, पण जे परत आलं त्याचा खडा आपल्याच हाताने बाहेर काढा. एवढा हिशेब चोख ठेवा, ही विनंती.