आरशातला तिसरा दिवा

"किती जण आहात?" मेमेंनी पुन्हा विचारलं.

"चौघं," भरतेश म्हणाला. "मघाशीच सांगितलं की."

"आत तर तिघं आहेत."

"चौथा येतोय. इरफान. तो कायम सगळ्यांच्या मागे असतो. तसं ठरवूनच ठेवलंय त्याला."

मेमेंनी शेगडीत एक गोवरी सारली. संध्याकाळ व्हायला आली होती आणि धुकं अगदी दारापर्यंत आलं होतं.

मेमे म्हणजे तिकडच्या बोलीत आजोबा. एका उंच खिंडीच्या पायथ्याशी, दगडाच्या खोपीत हा म्हातारा भिक्षू राहतो. त्याच्या पुढची खिंड त्याहून उंच. मोटरसायकलवाले तिथं थांबून त्याला विचारतात, उद्या जाऊ का? तो हो म्हणाला तर जातात. नाही म्हणाला तरी बरेच जण जातातच म्हणा. पण विचारतात.

हे मला शीतलनं सांगितलं. आमच्या समोरच्या दारातला तो. भरतेश मगदूम वरच्या मजल्यावरचा. पाण्याची मोटर बिघडली की जिना उतरून पहिला धावणारा, मनानं सोन्यासारखा पोरगा. जयसिंगपुरातून ही पोरं गाड्या घेऊन हिमालयात गेली, आणि परत आल्यावर एकमेकांशी धड बोलेनात. मी काय गप्प बसते? शीतलला गरम थालीपीठ वाढलं आणि पुढ्यात बसून विचारलं.

भरतेशला मात्र विचारलं नाही. धीर झाला नाही.

"मेमे, उद्याची खिंड जमेल ना आम्हाला?" भरतेशनं मोडक्या हिंदीत विचारलं.

"तो शेवटचा... त्याची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत. सकाळी डोकं दुखत होतं, एक उलटी झाली. उंचावर आलं की होतं सगळ्यांना. गोळी दिली."

तिसरा, नंदू चौगुले, खाली मान घालून बसला. सकाळी इरफान म्हणाला होता, "भरत्या, मी आज हितंच थांबतो रे. लई गरगरतंय." त्यावर भरतेश म्हणाला होता, "तुझ्यासाठी खिंड खाली उतरून येणार हाय व्हय?" सगळे हसले होते. इरफानही हसला होता.

"माझ्याबरोबर निघालेला एकही माणूस आजवर मागे राहिला नाही," भरतेश म्हणाला. "यांना विचारा."

"तुला कसं कळतं?"

"आरसा आहे की गाडीला. मागचे दिवे मोजत राहायचं. तीन दिसले की चाललंय. एक कमी झाला की थांबायचं. मान वळवायची गरज नाही. अशा रस्त्यावर पुढच्यानं मान वळवली तर सरळ दरीत."

"म्हणजे दिवे मोजतोस."

"हो."

"आणि माणसं?"

"ती थांबल्यावर. शेवटचा येऊन पोचतो, अंगठा वर करतो. म्हणजे सगळे आले. मग पुढचा गाडी काढतो."

"आजच्या खिंडीच्या माथ्यावर त्यानं अंगठा वर केला होता?"

भरतेश घुटमळला.

"माथ्यावर उभं राहवत नव्हतं, मेमे. वारा काय होता! त्याची वाट नाही बघितली. पण दिवे मोजले. उतरताना वळणावळणाला मोजले. तीन होते. शेवटपर्यंत तीन."

शीतल म्हणाला, "खाली तळ्यापाशी आपण फोटो काढत थांबलो, तेव्हा तिसरी लाईट वरच्या वळणावर नुसती उभी होती. मी म्हटलं पण तुला."

"आणि मी म्हटलं, येतोय तो. आता परत तेच काय काढतोस?"

मेमेंनी लाकडी वाट्या मांडल्या. मिठाचा चहा ओतला. तीन वाट्या या तिघांपुढं ठेवल्या, एक स्वतःपुढं. मग आणखी एक भरली आणि मागच्या भिंतीवर घोंगडं टांगलं होतं, त्याच्याखाली नेऊन ठेवली. मग आणखी एक भरली आणि ती उंबऱ्याबाहेर ठेवली.

भरतेश हसला. "मेमे, मोजायला चुकलात. एकच यायचाय."

"चुकलो?" मेमे म्हणाले. "बघ बरं बाहेर."

तिघं दारात आले. डोंगराच्या अंगाला धुकं जरा फाटलं होतं. वरच्या वळणावर एक दिवा होता. एकच. हलत नव्हता. इंजिनाचा आवाज नव्हता.

नंदूनं तोंडापुढं हात धरून हाक मारली. "इरप्या! ये की खाली! चहा गार व्हायलाय!"

हाक डोंगरावर आपटून परत आली. दिवा तसाच राहिला.

"बघा, आहे की नाही?" भरतेश म्हणाला. "रुसलाय सकाळचा. येईल."

"तू जात नाहीस आणायला?"

"पुढच्यानं मागं जायचं नसतं, मेमे. तो मागं गेला तर बाकीच्यांनी बघायचं कुणाकडं?"



आतून कुणीतरी खोकलं.

तिघंही वळले. आत तर कुणीच नव्हतं.

मेमेंनी भिंतीवरचं घोंगडं बाजूला केलं. मागं भिंतीत खोलगट जागा होती. तिथं कांबळ्यांत गुंडाळलेला इरफान पडला होता. तोंड सुजलेलं, ओठ निळे, जाकिटाची एक बाही फाटलेली.

"माथ्यावरून उतरताना पहिल्याच वळणावर पडला होता," मेमे म्हणाले. "माझा पुतण्या खेचरं घेऊन येत होता. त्यानं पायवाटेनं उतरवला. रस्ता फिरून फिरून येतो, पायवाट सरळ येते. याची गाडी तिथंच पडलीय. दिवा फुटलाय तिचा."



इरफाननं डोळे किलकिले केले. "भरत्या... हॉर्न वाजवला रे मी. लई वेळ वाजवला."

भरतेश दाराची चौकट धरून उभा होता. "मी मोजले होते, इरप्या. आईशपथ. तीन होते. शीतल, तूही बघितलास की तळ्यापाशी!"

"बघितला," शीतल म्हणाला.

"मग वर... तो कोण आहे?"

मेमे म्हणाले, "मोजलास तू. मला काय विचारतोस?"

इथं मी शीतलला अडवलं. म्हटलं, अरे, दुसरी कुठली गाडी असेल, ट्रक असेल एखादा. तो म्हणाला, "ट्रकला दोन दिवे असतात, काकू. आणि गाडी असती तर एवढ्या वेळात खाली आली नसती व्हय?"

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी इरफानच्या घरी गेले, मुगाची खिचडी घेऊन. बरा झाला होता, पण चार शब्द बोलला की दम लागायचा. तो म्हणाला, "मी पडल्यावर एक गाडी माझ्या शेजारनं खाली गेली, काकू. हॉर्न दिला, हात केला, तरी थांबली नाही. आवाजच नव्हता तिला."

शीतल आणि इरफान याबद्दल एकमेकांशी बोललेले नव्हते, याची मी खात्री करून घेतलीय.

तर तिथं, खोपीत, मेमे म्हणाले, "याला आत्ताच्या आत्ता खाली न्या. खालच्या गावात डॉक्टर आहे. रात्र इथं काढली तर पोरगा हाती लागायचा नाही."

"आणि पुढची खिंड?" हे नंदूच्या तोंडून निघून गेलं. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"खिंड कुठं जात नाही," भरतेश म्हणाला. इतक्या हळू की शीतलला ते आधी ऐकूच आलं नाही.

इरफानला नंदूच्या मागं बसवलं. मेमेंनी कमरेचा पट्टा सोडून दोघांना एकत्र बांधलं. शीतलनं गाडी सुरू केली. भरतेश सवयीनं सगळ्यांच्या पुढं जायला निघाला.

मेमेंनी त्याचं हँडल धरलं.

मग दोन्ही आरसे एकेक करून फिरवले. काचा जमिनीकडं झाल्या.

भरतेश त्या आरशांकडं बघत राहिला. मग त्यानं पायांनी रेटत गाडी मागं घेतली. शीतल पुढं झाला, त्याच्यामागं नंदू आणि इरफान. भरतेश सगळ्यांच्या शेवटी.

तिथं त्यानं पहिल्यांदा मान वळवली. सगळी, खांद्यापर्यंत.

दिवा एक वळण खाली आला होता.

आतल्या वाट्यांमधून अजून वाफ निघत होती. उंबऱ्याबाहेरच्या वाटीत चहाचा थेंब नव्हता.

"मेमे," भरतेश म्हणाला. "मी शेवटी राहिलो, तर... माझ्या मागं कोण?"

मेमेंनी वर त्या दिव्याकडं बघितलं. ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं.

"अंगठा वर कर," ते म्हणाले. "सगळे आले म्हणून कळू दे त्याला. तो कधीचा थांबलाय."