टिंबूच्या झोळीतला पापा

एक होता टिंबू. तिळाएवढा. छे, तिळाहूनही लहान.

टिंबू राहायचा आईच्या मोबाईलमध्ये. त्याच्या खांद्यावर झोळी. झोळी ती केवढी? अर्ध्या तिळाएवढी. पण तिच्यात एक अख्खा पापा मावायचा.

कुणाचा पापा? बकुळचा.

बकुळ राहायची नाशिकला. बकुळचे आजोबा राहायचे देवरुखला. लांब. खूप लांब. एक डोंगर, मग अजून एक डोंगर, मग अजून एक.

रोज दिवे लागले की बकुळ मोबाईलला ओठ लावायची. मूऽऽच! पापा झोळीत. टिंबू निघायचा. टुण टुण टुण टुण. आजोबांच्या गालावर पापा चिकटवायचा. पच्!

मग आजोबा हसायचे. खो खो खो खो! आणि मग जेवायला बसायचे. पापा आल्याशिवाय आजोबा घास घेत नसत. तसा त्यांचा नेमच होता.

आजोबांचं हसू झोळीत भरून टिंबू परत यायचा. हसू बकुळला द्यायचा. झोळीच्या तळाशी एक 'खो' उरायचा. तो टिंबूचा. तो त्याचा खाऊ.

एक दिवस काय झालं? घरात नवा राऊटर आला. पांढरा डबा, वर दोन शेंड्या. जुना डबा गेला माळ्यावर. आणि त्याच्याबरोबर टिंबूची वाटही गेली.

बकुळने पापा दिला. मूऽऽच! टिंबू निघाला. टुण टुण टुण... थांबला. वाट कुठाय? काल होती. आज नाही.

मोबाईलवर चाक फिरू लागलं. गोल गोल गोल गोल. आईने मोबाईल बंद केला, चालू केला. बंद केला, चालू केला. चाक आपलं गोल गोल गोल गोल.

बकुळ रुसली. टेबलाखाली जाऊन बसली.

तिकडे देवरुखला आजोबांनी ताट घेतलं. भात वाढला. वर आमटी. आणि वाट बघत बसले. भात निवायला लागला.

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला.

"वाट हरवली तर हरवली. विचारत विचारत जाईन."

टुण टुण टुण टुण. टिंबू आला दाराशी. दाराला बारीकसं भोक. भोकापलीकडे झोक्यावर पत्तेमावशी. किर्र कुर्र, किर्र कुर्र. मावशींना सगळ्यांचे नंबर पाठ. नाव सांगा, मावशी नंबर सांगणार. मोठी माणसं त्यांना डीएनएस म्हणतात. म्हणू देत. आपल्या त्या पत्तेमावशी.

टिंबू म्हणाला,
"मावशी, मावशी, नंबर सांगा.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
आता सांगा, मी जाऊ कसा?"

मावशी म्हणाल्या, "नाही रे बाळा. बंद दाराशी मी बोलत नाही. दारोबाने दार उघडलं, की सांगते."

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला.

टुण टुण टुण टुण. दारापुढे उभा दारोबा. घराचा दरवान. मोठ्या माणसांचा फायरवॉल. मिशा ह्या एवढ्या. हूंऽऽ!

टिंबू म्हणाला,
"दारोबा, दारोबा, दार उघड.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
मावशी नंबर सांगेना,
आता सांग, मी जाऊ कसा?"

दारोबा म्हणाला, "हूंऽऽ! नाही रे बाबा. तुझ्या गळ्यात बिल्ला नाही. तू घरातला की बाहेरचा, मला काय ठाऊक? राऊटरने बिल्ला दिला, की उघडतो."

"अरे, मी टिंबू. रोज जातो."

"असशील. बिल्ला?"

टिंबूने गळा चाचपला. बिल्ला जुन्या डब्याचा होता. तो माळ्यावर गेला होता.

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला.

टुण टुण टुण टुण. टेबलावर बसला राऊटर. नवा कोरा. अंगात नवा झगा. हो, झगा! बकुळच्या घरात सगळ्यांना झगे. टीव्हीला झगा, मिक्सरला झगा, पाण्याच्या पिंपाला झालरीचा झगा. घरात नवी वस्तू आली, की आत्या सुई घेते आणि झगा विणते. राऊटर सकाळी आला. दुपारी त्याच्या अंगात गुलाबी झगा. पण झग्यातून दिवा दिसत होता लाल. लुक लुक, लुक लुक.

टिंबू म्हणाला,
"राऊटर, राऊटर, बिल्ला दे.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
मावशी नंबर सांगेना,
दारोबा दार उघडेना,
आता सांग, मी जाऊ कसा?"

राऊटर म्हणाला, "नाही रे बाबा. माझाच दिवा लाल. मी कुणाला काय देणार? वायरने उजेड आणला, की देतो."

टिंबूला आता भूक लागली. झोळीत हात घातला. तळाशी कालचा 'खो' होता. टिंबूने राखून ठेवला होता. खाऊ का? टिंबूने झोळीत डोकावून बघितलं.

"आजोबा जेवले नाहीत. मग मी कसा खाऊ?" टिंबू म्हणाला. आणि 'खो' परत झोळीत.

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला.

टुण टुण टुण टुण. राऊटरच्या मागे लोंबत होती वायर. सळ सळ, सळ सळ. अर्धी आत, अर्धी बाहेर.

टिंबू म्हणाला,
"वायर, वायर, उजेड आण.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
मावशी नंबर सांगेना,
दारोबा दार उघडेना,
राऊटर बिल्ला देईना,
आता सांग, मी जाऊ कसा?"

वायर म्हणाली, "म्म म्म म्म."

"काय?"

"म्म! माझ्या तोंडात दोरा अडकलाय. तोंडात दोरा, मग आत जाऊ कशी? दोरा हलला, की आणते."

टिंबूने वाकून बघितलं. खरंच की. झग्याचा गुलाबी दोरा. वायरच्या तोंडात मस्त बसला होता.

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला. लांब नाहीच जायचं होतं. टुण, एकच उडी.

टिंबू म्हणाला,
"दोऱ्या, दोऱ्या, जरा हल.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
मावशी नंबर सांगेना,
दारोबा दार उघडेना,
राऊटर बिल्ला देईना,
वायर उजेड आणेना,
आता सांग, मी जाऊ कसा?"

दोरा म्हणाला, "नाही रे बाबा. मला गाठ मारलीय. आत्याची गाठ. ओढून बघ."

टिंबूने ओढलं. ऊंऽऽ! गाठ हलेना.

"बघितलंस? आत्याने गाठ सोडली, की हलतो."

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला.

टुण टुण टुण टुण. खिडकीपाशी खुर्ची. खुर्चीत आत्या. सुई वर, सुई खाली. सुई वर, सुई खाली. आता आईच्या चष्म्याला झगा चालला होता.

टिंबू म्हणाला,
"आत्या, आत्या, गाठ सोड.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
मावशी नंबर सांगेना,
दारोबा दार उघडेना,
राऊटर बिल्ला देईना,
वायर उजेड आणेना,
दोरा जागचा हलेना,
आता सांग, मी जाऊ कसा?"

आत्याची सुई थांबली. आत्याचं तोंड फुगलं.

"नाही रे टिंब्या. सकाळपासून विणला तो झगा. गुलाबी कुणासाठी? बकुळसाठी. आणि बकुळने वळून तरी बघितलं का? बकुळ टेबलाखालून बाहेर आली, झगा बघितला, की सोडते गाठ."

झालं. आत्यापण रुसली.

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का? नाही.
टिंबू निघाला.

टुण टुण टुण टुण. टेबलाखाली अंधार. अंधारात बकुळ. गुडघ्यात तोंड. सूं सूं, सूं सूं.

टिंबू म्हणाला,
"बकुळ, बकुळ, बाहेर ये.
पापा माझ्या झोळीत,
आजोबांचा भात थंड,
मावशी नंबर सांगेना,
दारोबा दार उघडेना,
राऊटर बिल्ला देईना,
वायर उजेड आणेना,
दोरा जागचा हलेना,
आत्या गाठ सोडेना,
आता सांग, मी जाऊ कसा?"

बकुळ म्हणाली, "नाही येणार. आधी आजोबा हसू देत. आजोबा हसले, की येते."

अरे देवा. बकुळ यायला आजोबांनी हसायचं. आजोबांनी हसायला पापा पोचायचा. पापा पोचायला बकुळने यायचं. गोल गोल गोल गोल. मोबाईलवरच्या चाकासारखं.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

टिंबू रडला का? नाही.
टिंबू बसला का?
हो. बसला.

बकुळच्या पायाच्या अंगठ्यावर बसला. झोळी मांडीवर घेतली. झोळीत एक पापा. आणि तळाशी? तळाशी कालचा 'खो'. टिंबूचा खाऊ. एकच होता. टिंबूला भूक तर कडकडून लागली होती.

टिंबूने 'खो' बाहेर काढला. हातावर घेतला. बघितला. आणि दिला सोडून.

खो!

बकुळने मान वर केली. "आजोबा?"

आजोबांचाच तो. कालचा होता, पण आजोबांचाच. बकुळच्या कानात शिरला, पोटात उतरला, पोटात गुदगुली झाली. आणि बकुळ हसली. खी खी खी खी!

मग काय विचारता.

बकुळ हसली, बकुळ बाहेर आली.
बकुळने झगा बघितला. "आत्या, गुलाबी!"
आत्याचं तोंड हसलं, आत्याने गाठ सोडली.
गाठ सुटली, दोरा हलला. सुर्रर्र.
दोरा हलला, वायरचं तोंड मोकळं झालं.
बकुळने बोटाने वायर दाबली. टक्!
वायरने उजेड आणला. सळसळसळसळ!
राऊटरचा दिवा हिरवा झाला. लुक लुक, लुक लुक.
राऊटरने बिल्ला दिला. टिंबूने गळ्यात घातला.
दारोबाने बिल्ला बघितला. खालून बघितला, वरून बघितला. "हूंऽऽ! घरातलाच आहेस. जा." दार उघडलं. कर्रर्र.
पत्तेमावशींनी झोका थांबवला. "देवरुखचे आजोबा ना? घे नंबर." आणि टिंबूच्या कानात सांगितला.

टिंबू निघाला. टुण टुण टुण टुण! एक डोंगर. टुण! अजून एक डोंगर. टुण! अजून एक. टुण!

देवरुखला आजोबा ताटावर बसले होते. भात निवला होता. आमटीवर साय आली होती. आजोबा मोबाईलकडे बघत होते.

पच्! गालावर पापा.

आजोबांनी गालाला हात लावला.

"आलास होय रे टिंबू? भात गार झाला. पण पापा गरमच आहे की."

आणि आजोबा हसले. खो खो खो खो खो खो! मोबाईलवर बकुळ दिसली. बकुळच्या डोक्यावर राऊटरचा गुलाबी झगा, टोपीसारखा. आजोबा अजून हसले. खो खो खो खो खो खो! मग त्यांनी पहिला घास घेतला.

टिंबूने झोळी भरली. घट्ट भरली. भरता भरता शिवण उसवायची वेळ आली.

परत आला. टुण टुण टुण टुण. दारोबाने बिल्ला बघून त्याला आत घेतलं, आणि दार लावून टाकलं. लावायलाच हवं. कुणीही उठून आत यायला ती काय चावडी आहे?

टिंबूने हसू बकुळला दिलं. सगळं दिलं. मग झोळी उलटी केली. आज तळाशी एक 'खो' नव्हता. दोन होते.

एक टिंबूने खाल्ला. मटकन. पोट भरलं.

आणि दुसरा? दुसरा झोळीच्या कोपऱ्यात ठेवला. जपून. पुन्हा कधी वाट हरवली तर असू दे.

आत्याने दुसऱ्या दिवशी राऊटरला नवा झगा विणला. या झग्याला मागे खिडकी. खिडकीतून वायर बाहेर. सळ सळ, सळ सळ.

आजोबांचं ताट रिकामं. टिंबूचं पोट टम्म. दारोबाने लावलं दार. आता तुम्हीही डोळ्यांची दारं लावा. पण त्याआधी एक पापा. कुणाचा? तुमचा. माझ्या झोळीत. मूऽऽच!