अर्ध्या नोटेची सही

भाऊसाहेब रणनवरे यांना जुन्या नोटा जमवायचा भारी नाद. बुडालेल्या आंबेरी बँकेची एक नोट त्यांनी चांदीच्या चौकटीत बसवली होती, पण ती अर्धीच. पूर्वी टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट कापून दोन पाकिटांतून धाडत. तिची दुसरी अर्धी निघाली बाळाप्पा कासाराकडे. त्याच्या वडिलांनी मुंबईहून धाडलेली. पुढचं पाकीट काही आलं नाही आणि आई गोजराबाई हा तुकडा जन्मभर बांगड्यांच्या पेटीत जपत राहिली.

भाऊसाहेब मोटार घेऊन बाळाप्पाच्या बांगड्यांच्या दुकानाशी आले. "बाळाप्पा, आण तो तुकडा. जोडून माझ्या संग्रहालयात लावतो."

"लावा की. खाली माझ्या आईचं नाव तेवढं घाला."

"घालतो."

"तसं कागदावर लिहून द्या, साहेब."

भाऊसाहेबांच्या भुवया चढल्या. "रणनवऱ्यांचं वचन आहे हे. त्याला कागद लागतो?"

बांगड्या भरायला आलेल्या बायकांनी माना वळवल्या. बाळाप्पाने सावकाश चष्मा पुसला.

"साहेब, तुमच्या तुकड्यावर काय छापलंय?"

"रुपये देण्याचं वचन."

"आणि माझ्या?"

"बँकेच्या मॅनेजरची सही."

"मग नुसत्या वचनावर भागत असतं, तर तुम्ही सहीसाठी माझ्या दारात कशाला आला असता?"

बायका पदराआड हसल्या. भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि पायरीवर बसत विचारलं, "आईचं पूर्ण नाव सांग."