चाळीस खोल्या आणि एक नाव

फार पूर्वी एका रुंद नदीच्या काठी नावा बांधायला शिकवणारं एक विद्यालय होतं. विद्यालय म्हणजे नुसती लांबलचक पडवी. मधोमध एक अर्धवट नाव आणि तिच्याभोवती चाळीस तरुण मुलंमुली, दिवसभर कलकलाट करणारी.

तिथे एक रीत होती. नाव सुरू करताना आचार्य विचारत, "यंदा वीत कोणाची?" मग एकाचा हात ठरे आणि त्या वर्षीची सगळी नाव त्याच हाताच्या वितीने मोजली जाई. कुणी चुकून आपली वीत लावली, की शेजारचा लगेच ओरडे, "अरे, तुझा हात आवर! यंदा वीत तिची आहे!"

राजाला बांधकामाची हौस दांडगी. ती पडवी त्याला बघवेना. त्याने ती पाडली आणि स्थपतीकडून दगडी महाल उठवला. चाळीस जणांना चाळीस खोल्या. प्रत्येकीत एक दगडी आसन, तेही समोरच्या भिंतीकडे तोंड करून पक्कं बसवलेलं. लोकांनी तोंडात बोटं घातली.

आचार्यांनी हळूच विचारलं, "नाव कुठे ठेवायची?"

स्थपती हसला. "शिकायचं इथे, जोडायचं घाटावर. आता गोंगाट नाही, प्रत्येकाला आपली जागा!"

राजाने त्याच वेळी आचार्यांच्या खांद्यावर शाल घातली. आता काय बोलायचं, असं वाटून आचार्य गप्प बसले. इथेच घात झाला.

त्या वर्षीही वीत ठरली. ज्या मुलीची ठरली, तिची खोली अगदी टोकाला. उठून तिकडे जावं तर पहारेकरी डोळे वटारी. मग ज्याने त्याने आपल्याच वितीने मापून आपापल्या फळ्या कापल्या. बोटभर फरकाने काय होतंय, असं प्रत्येकाला वाटलं.

घाटावर फळ्या जोडल्या, तेव्हा जागोजागी फटी. मुलांनी त्यांत काथ्या आणि राळ कोंबली. म्हाताऱ्या नावाड्याने वाकून पाहिलं.

"गुरुजी, एवढी राळ कशापायी?"

आचार्यांना सगळं कळलं होतं. पण मागे राजा हार घेऊन उभा होता. "पाण्यात लाकूड फुगतं," ते म्हणाले. "फटी मिटतील."

"तुमी म्हनता तर बरोबरच असंल," म्हणत नावाड्याने वल्हं उचललं.

भर पात्रात नाव उकलली. सात उतारू कसेबसे काठाला लागले. शेवटच्या बाईला फळीवर ढकलून देणारा नावाडी मात्र परतलाच नाही.

राजाने चौकशी केली. चाळीस जण पुढे आले आणि प्रत्येकाने शपथेवर सांगितलं, "माझं माप बरोबर होतं." वाईट याचंच वाटतं, की एकही जण खोटं बोलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी नावाड्याची बायको विद्यालयात आली. ती रडली नाही, भांडली नाही. आचार्यांना म्हणाली, "गुरुजी, माजा मानूस ज्या नावंत गेला ती पोरांनी कुटं बसून केली, तेवढं दावा."

आचार्यांनी तिला एक खोली दाखवली. मग दुसरी. मग तिसरी.

"ह्या येकेकट्यानं बसायच्या खोल्या झाल्या," ती म्हणाली. "येकमेकांचं काम बगाया पोरं हुबी कुटं ऱ्हायची?"

आचार्य तिला घेऊन सगळा महाल फिरले. तशी जागा कुठेच नव्हती. शेवटी ती दारातच खाली बसली, आणि तिच्यासमोर मान खाली घालून आचार्यही बसले.

तात्पर्य: जे काम मिळूनच होतं, ते शिकायलाही मिळून बसता येईल अशी जागा लागते, आणि हे ज्याला ठाऊक आहे, त्याने भिंती उठण्याआधीच तोंड उघडावं.