ठेंगी उंदरी आणि अळिवाचा लाडू

फणसाच्या बुंध्याशी एक बीळ. बिळात राहायची ठेंगी उंदरी. वर ढोलीत राहायची खारवहिनी.

खारवहिनीला झाली बाळं. इवलीइवली, गुलाबी गुलाबी. पण दूध काही पुरेना. बाळं रडायची, चीं चीं चीं!

ठेंगी म्हणाली, "वहिनी, पडून राहा. मी अळिवाचा लाडू आणते. बाळंतिणीला अळीवच हवेत. दूध येतं, कंबर धरत नाही, अंगात ताकद येते."

ठेंगीने वाटीभर अळीव जमवले. तांबडे तांबडे, बारीक बारीक. आणि काय केलं? तांदळासारखे धुतले! खळ्‌ खळ्‌ खळ्‌!

अळीव फुगले. अळीव झाले बुळबुळीत. वाटीला चिकटले, शेपटीला चिकटले.

"गेले गं बाई माझे अळीव!"

वाटी डोक्यावर घेऊन ठेंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली वाडीतल्या सरूकाकूकडे.

"काकू गं काकू,
अळीव वाया गेले,
वहिनीला दूध येईना,
बाळं म्हणतात चीं चीं चीं!"

काकू हसली. "वाया कुठं गेले, वेडाबाई? अळीव फुगायलाच हवेत! कोरडे कोण खातं? गूळ आहे माझ्याकडे. पण नारळ संपला. नारळ आण, मग लाडू वळते."

ठेंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली माडाकडे.

"माडा रे माडा, नारळ दे!
काकू लाडू वळेना,
वहिनीला दूध येईना,
बाळं म्हणतात चीं चीं चीं!"

माड म्हणाला, "घसा कोरडा पडलाय माझा. रहाट पाणी देईल, तर नारळ देईन."

ठेंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली विहिरीवरच्या रहाटाकडे.

"रहाटा रे रहाटा, पाणी दे!
माड नारळ देईना,
काकू लाडू वळेना,
वहिनीला दूध येईना,
बाळं म्हणतात चीं चीं चीं!"

रहाट म्हणाला, "मी काय आपला आपण फिरतो? बैल ओढेल, तर पाणी देईन."

ठेंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बैलाकडे.

"बैलोबा रे बैलोबा, रहाट ओढ!
रहाट पाणी देईना,
माड नारळ देईना,
काकू लाडू वळेना,
वहिनीला दूध येईना,
बाळं म्हणतात चीं चीं चीं!"

बैल म्हणाला, "हम्म! खांद्यावर गोचीड बसलीय. चावते मेली! बगळा ती काढेल, तर रहाट ओढेन."

ठेंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बगळ्याकडे.

"बगळोबा रे बगळोबा, गोचीड काढ!
बैल रहाट ओढेना,
रहाट पाणी देईना,
माड नारळ देईना,
काकू लाडू वळेना,
वहिनीला दूध येईना,
बाळं म्हणतात चीं चीं चीं!"

बगळ्याने एक डोळा उघडला. "माझं पोट भरलंय. तूच काढ की! दात काय नुसते दाखवायला आहेत?"

"अगंबाई, खरंच की!" ठेंगी म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. पायावरून पाठीवर. पाठीवरून खांद्यावर. धरली गोचीड. कुट्‌! आली बाहेर!

मग काय!

बैलाने रहाट ओढला, करकर करकर.
रहाटाने पाणी दिलं, खळाळ खळाळ.
माडाने नारळ दिला, धप्प!
ठेंगीने तो ढकलत नेला, गडगड गडगड.

काकूने नारळ सोलला, फोडला, खवला. नारळाचं पाणी अळिवांवर ओतलं. अळीव आणखी टपोरे झाले. मग त्यात खोबरं घातलं, गूळ घातला आणि कढई चुलीवर ठेवली. रटरट रटरट. काकूने लाडू वळले.

"वहिनीला सांग, रोज एकच हं! अळीव गरम असतात."

वहिनीने रोज एक लाडू खाल्ला. कंबर हलकी झाली. हळूहळू दूध आलं. बाळं प्यायली, चुळुक चुळुक. चीं चीं थांबलं.

आणि ठेंगीला? काकूने तिच्यासाठी वेगळा लाडू वळला होता. बोराएवढा.

"मी कुठं बाळंतीण?" ठेंगी लाजली.

"नसलीस म्हणून काय झालं? पळून पळून पाय तुझेच दुखले ना? खा मुकाट!"

ठेंगीने खाल्ला. अळीव दाताला चिकटला. तो तिने हळूच सोडवला आणि तोही खाल्ला.

ठेंगीचा लाडू ठेंगीच्या पोटात,
आपली गोष्ट आपल्या ओठात!